मालक नावाचा फोटो

क्षितिजाकडून फोटो काढून घ्यायला लोक बिचकायचे, आणि तरीही यायचे. वसईत पारनाक्याजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिचा स्टुडिओ होता. लग्न, बारसं, पासपोर्ट असलं काही ती करत नसे. फक्त माणसांचे चेहरे. समोरच्याला ती खिडकीजवळच्या स्टुलावर बसवायची आणि सांगायची, "हसू नका." मग कॅमेऱ्यामागे गप्प उभी राहायची. माणूस आधी अवघडायचा, केस सारखे करायचा, कॉलर ओढायचा. नंतर कंटाळायचा. कंटाळला की ओढूनताणून आणलेली सभ्यता चेहऱ्यावरून उतरायची, आणि नेमकं तेव्हा ती बटण दाबायची. फोटो बघून काही जण खूश व्हायचे, काही जण पैसे देऊन फोटो तिथेच ठेवून जायचे. एक बाई तर रडली होती. क्षितिजाला त्याचा अभिमान होता.

या हट्टामागे तिचं घर होतं. तिचे वडील पांडुरंग गावात हसतमुख म्हणून प्रसिद्ध. पूजा असो, लग्न असो, पंगतीत आग्रह करून वाढणार, पाहुण्यांना रस्त्यापर्यंत सोडायला जाणार. घरात मात्र आमटीत मीठ जास्त झालं तर ताट सरकवून उठायचे आणि आठवडाभर आईशी बोलायचे नाहीत. तेव्हाचा त्यांचा चेहरा क्षितिजाला पाठ होता. थंड, ताठ, पापणी न हलणारा. आई, यशोदा, त्यांच्या खुर्चीमागे मान खाली घालून उभी असायची. वडील गेले तेव्हा फोटोचे चार अल्बम निघाले आणि प्रत्येक फोटोत ते हसत होते. एकही फोटो खरा नाही, असं क्षितिजाला वाटलं. त्यानंतर तिने नोकरी सोडून कॅमेरा घेतला.

वसईतल्याच सांडोर गावच्या वाड्यांमधल्या बागायतदारांचे फोटो काढायचं तिने ठरवलं तेव्हा पहिलं नाव सुचवलं गेलं ते प्लासिडचं. केळी, अळू, नागवेलीची पानं, घराच्या मागे बावखल. तिथली ती जुनी गोड्या पाण्याची तळी बुजवून बहुतेकांनी बंगले बांधले होते, प्लासिडने आपलं राखलं होतं. वय साठीच्या पुढे. मुलगा स्टीवन मेलबर्नला, मुलगी लविना एव्हरशाईन सिटीत नवऱ्यासोबत. घरात प्लासिड आणि त्याची बायको सालोमी, दोघंच.

क्षितिजा सकाळी पोचली तेव्हा सालोमीने ओटीवर दोन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या.

"बस गो बाय. चहा घेतेस का आधी?"

"फोटो झाल्यावर, मावशी. ऊन चांगलं आहे आता."

प्लासिड आतून आला. सावकाश, पाय घासत. पांढरा सदरा, दाढी केलेली. खुर्चीत बसला आणि क्षितिजाकडे बघत राहिला. तिने नमस्कार केला, त्याने मान किंचित हलवली. ती म्हणाली, वाडी सुंदर आहे. तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात, काका?"

"वडलांची," तो म्हणाला. आवाज इतका खाली की पुन्हा विचारावं लागलं.

सालोमी मात्र अखंड बोलत होती. केळीवर रोग कसा आला, वानरं कशी नासधूस करतात, आपल्याच लग्नात प्लासिड मिरवणुकीतून गायब होऊन बैल बघायला कसा गेला होता. सांगता सांगता तिला स्वतःलाच हसू आवरेना, पदराने डोळे पुसू लागली. क्षितिजाही हसली. प्लासिड हसला नाही. तो तसाच बसला होता, ताठ, दगडातून काढल्यासारखा. डोळे रोखलेले. क्षितिजाने कॅमेऱ्यातून बघितलं आणि ती नकळत एक पाऊल मागे सरली. हा चेहरा ती ओळखत होती.

"काका, हसलात तरी चालेल," ती म्हणाली. हे ती कधीच कुणाला म्हणत नसे.

"हसतोय की," प्लासिड म्हणाला.

टोमणा मारला असं तिला वाटलं.

मग सालोमी उठून त्याच्या खुर्चीशेजारी, जराशी मागे, येऊन उभी राहिली. तिने आपला हात त्याच्या उजव्या हातावर ठेवला आणि खाली मान घालून त्या हातांकडे बघितलं. क्षणभरच. क्षितिजाने बटण दाबलं. पुढे रोखून बघणारा पुरुष, मागे मान खाली घातलेली बाई. बाकी सगळे फोटो बघायचीही गरज नाही, हे तिला तिथेच कळलं.

घरी तिने तो फोटो कापला, म्हणजे सालोमीचा चेहरा काठावर, थोडा अंधारात राहील असा. हातांचा भाग खालून कापला गेला. नाव दिलं 'मालक'. खाली लिहिलं, "या घरात शेवटचा शब्द कोणाचा, हे विचारावं लागत नाही."

प्रदर्शन चर्चच्या सभागृहात भरलं. वीस-पंचवीस फोटो होते, पण लोक थांबायचे ते 'मालक'पाशी. मुंबईहून आलेल्या एका समीक्षकाने त्याच्यावर लेख लिहिला. इन्स्टाग्रामवर तो हजारो लोकांनी बघितला. कितीतरी बायकांनी खाली लिहिलं, "माझे वडील", "माझा सासरा".

सालोमी आणि लविना दुसऱ्या दिवशी बघायला आल्या. सालोमी फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग क्षितिजाला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "हे असे नायत गो."

"मावशी, फोटोत काही खोटं घातलेलं नाही मी. जे दिसलं ते आहे."

"ते खरं. पन हे असे नायत. दुसरा एखादा नाय का? मी हसते तो?"

क्षितिजाने तिला समजावलं. लोकांना हाच भिडतोय, यात एक सत्य आहे, ते फक्त प्लासिडकाकांचं नाही, सगळ्या घरांचं आहे. सालोमी ऐकत राहिली. यशोदा ऐकायची तशी, असं क्षितिजाला तेव्हा वाटलं, आणि तिची खात्री अजून पक्की झाली.

"बरं," सालोमी म्हणाली. "तुला कळतं त्यातलं."

लविना मागेच राहिली होती. ती फोटोकडे बघत होती. हल्ली पप्पा फोनवर दोन शब्दांच्या वर बोलत नाहीत, नातवंडांना जवळ घेत नाहीत, हे तिला सलत होतंच. आता त्याला नाव मिळालं होतं.

पावसाळा संपता संपता सालोमी गेली.

बावखलातला पंप पाणी खेचेना म्हणून ती पाइपाच्या तोंडाचा पालापाचोळा काढायला पायऱ्या उतरली. पायऱ्यांवर शेवाळ होतं. पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं आणि ती पाण्यात गेली. प्लासिड केळींमध्ये होता. त्याने आवाज ऐकला आणि काठावर आला. पुढचं लोकांनी सांगितलं ते असं: शेजारची डेल्फिन अंगणात मासे साफ करत होती. तिला कुणाचं ओरडणं ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने प्लासिड तिच्या कुंपणापाशी आला. धावत नाही, चालत. कुंपणाला धरून उभा राहिला आणि बारीक आवाजात म्हणाला, "सालोमी पान्यात पडली." पाव मागायला आल्यासारखा, असं डेल्फिन नंतर प्रत्येकाला सांगायची. डेल्फिन तशीच धावली, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली, सालोमीला ओढून काठावर आणलं. तोवर संपलं होतं.

दफनविधीला अख्खा गाव होता. पेटीवर माती पडली तेव्हा लविना कोसळली, पुरुषांचेही डोळे भरले. प्लासिड कबरीशेजारी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. तोच चेहरा. 'मालक'.

त्या संध्याकाळी कुणीतरी तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लिहिलेलं होतं. आठवडाभरात तो गास, निर्मळ, होळी अशा आजूबाजूच्या गावांत, पार नालासोपाऱ्यापर्यंत फिरला. "हिच्या डोळ्यांतली भीती बघा." "बायको बुडत असताना हा चालत गेला."

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि प्लासिडला बोलावलं. तो म्हणाला, मी ओरडलो. डेल्फिन म्हणाली, ओरडला असता तर मला ऐकू आलं असतं. तो म्हणाला, पायरी उतरायला गेलो तर पाय जमिनीला चिकटले. पोलीस एकमेकांकडे बघू लागले. शवविच्छेदनात संशयास्पद काही निघालं नाही, त्यांनी त्याला सोडून दिलं. गावाने सोडलं नाही.

एका स्थानिक यूट्यूब चॅनलचा माणूस क्षितिजाच्या स्टुडिओत आला. फेबियन त्याचं नाव. हातात माइक.

"मॅडम, तुम्ही सगळ्यांच्या आधी ओळखलंत. कसं काय?"

नाही म्हणायला हवं होतं. सालोमीच्या बातमीने तिला खरंच धक्का बसला होता, दोन रात्री झोप नव्हती. पण त्या दुःखाच्या तळाशी दुसरंही काहीतरी होतं, आपण चुकलो नाही याचं समाधान, आणि फेबियनने नेमकं त्याला हात घातला.

"मी कुणावर आरोप करत नाही," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. "पण माणूस तोंडाने काहीही सांगू शकतो. चेहऱ्याने नाही. मला त्या दिवशी त्या घरात भीती वाटली होती, एवढंच सांगते."

ते वाक्य फोटोवर मोठ्या अक्षरांत चिकटवून फेबियनने व्हिडिओ टाकला.

त्यानंतर प्लासिडच्या वाडीत कामाला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. पानांचा व्यापारी दुसरीकडून पानं घेऊ लागला. कुणीतरी केळीचे धरलेले घड कापून तिथेच टाकले. प्लासिड रविवारच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, गेला तर त्याच्या बाकावर कुणी बसेना. तीन-चार रविवार तो एकटाच त्या बाकावर बसला, मग जायचा थांबला. स्टीवनने मेलबर्नहून फोन केला. "पप्पा, एकदाच विचारतो. मम्मीला तुम्ही काही केलंत का?" प्लासिडने उत्तर दिलं. स्टीवनला ते नीट ऐकू आलं नाही, आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. लविना आठवड्याला डबा पोचवायची, पण मुलांना आणत नसे आणि स्वतःही ओटीवरूनच परत फिरायची.

'मालक' क्षितिजाच्या स्टुडिओत दर्शनी भिंतीवर होता. येणारे त्याच्याविषयी विचारायचे. उतरवावा असं तिच्या दोन-तीनदा मनात आलं, आणि राहून गेलं.

नाताळ उलटून गेल्यावर डॉ. रचना आपल्या आईला घेऊन फोटोसाठी आल्या. मुंबईच्या एका हॉस्पिटलात त्या मेंदूच्या विकारांच्या विभागात होत्या. आई स्टुलावर स्थिरस्थावर होत होती तोवर त्या भिंतीवरचा फोटो बघत राहिल्या.

"हे कोणाकडे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कोणाकडे म्हणजे? सांडोरला राहतात."

"तसं नाही. डॉक्टर कोण यांचे?"

क्षितिजाला प्रश्न कळेना.

"फोटोवरून निदान करायचं नसतं," डॉ. रचना म्हणाल्या, "आणि मी करतही नाहीये. पण असे चेहरे मी रोज बघते. पार्किन्सन. चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, हलत नाहीत. माणूस आतून हसत असतो, रडत असतो, बाहेर काही येत नाही. पापण्याही फार मिटत नाहीत, म्हणून असं रोखून बघितल्यासारखं वाटतं. घरच्यांनाच आधी वाटायला लागतं, की याचं आपल्यावरचं मन उडालं. आवाज कसा आहे यांचा?"

"खाली," क्षितिजा म्हणाली. "ऐकूच येत नाही."

"चालणं? पाय मध्येच जमिनीला चिकटल्यासारखे होतात का?"

क्षितिजाला ओटीवर घासत आलेले पाय आठवले.

"हात दिसत नाहीत यात. हात थरथरतो का बघायला हवं. मोठा फोटो असेल ना, न कापलेला?"

होता. क्षितिजाने कॉम्प्युटर उघडला. त्या सकाळचे सगळे फोटो तिने तेव्हापासून पुन्हा पाहिलेच नव्हते. आता ती एकेक पुढे नेऊ लागली. ज्या ज्या फोटोत प्लासिडचा उजवा हात मोकळा होता, त्या प्रत्येकात तो हात पुसट होता. बाकी सगळं स्वच्छ, सदऱ्याचं बटण, खुर्चीची वीण, आणि हात तेवढा धुक्यात. तेव्हा ओझरतं बघून तिने त्यांच्यावर 'हलले' अशी खूण करून बाजूला टाकले होते. मग सालोमी उठून आलेला फोटो. न कापलेला. सालोमीचा तळवा त्याच्या हातावर नुसता ठेवलेला नव्हता, तिने तो हात घट्ट दाबून धरला होता. खाली मान घालून ती बघत होती ते त्याचा हात थांबला का, एवढंच.

"बघा," डॉ. रचना हलकेच म्हणाल्या. "बाईंना माहीत होतं काहीतरी. कशा आहेत त्या आता?"

डॉक्टरांची आई स्टुलावरून विचारत होती, चेहरा कुठे करू, इकडे की खिडकीकडे. त्या दिवशी फोटो झाला नाही.

क्षितिजा संध्याकाळी एव्हरशाईनला लविनाच्या घरी गेली. लविनाने दार उघडलं आणि तिला आत या म्हणाली नाही. क्षितिजाने दारातच सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या ते, हाताचं, आवाजाचं, पाय चिकटण्याचं. मोबाइलवर फोटो दाखवले. लविना एक एक बघत गेली. सालोमी हसत असलेल्या फोटोपाशी तिचं बोट थांबलं.

"मम्मी म्हणायची, पप्पांना अशक्तपणा आलाय. कुठल्या तरी डॉक्टरने ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या. हात हलतो ते कुणाला सांगू नको, त्यांना लाज वाटते, असं मला म्हणाली होती एकदा. मी विसरले." मग ती एकदम म्हणाली, "मग ते ओरडले होते."

"हो."

"ते ओरडले होते, आणि कुणाला ऐकू गेलं नाही." ती दारातच खाली बसली. आतून मुलांचा आवाज येत होता. "आणि मी त्यांना डबा ओटीवर ठेवून देत होते. कुत्र्याला ठेवतात तसा."

दुसऱ्या दिवशी दोघी सांडोरला गेल्या. घर बंद होतं, आतून कडी. बऱ्याच वेळाने प्लासिडने दार उघडलं. कपाळावर जुनी खोक होती, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं लावलेली नव्हती. लावता येत नव्हती. लविनाने त्याला मिठी मारली. त्याचे हात वर यायला वेळ लागला. चेहरा तसाच राहिला, कोराच, आणि त्या कोऱ्या चेहऱ्यावरून पाणी खाली येत होतं. क्षितिजा अंगणातच थांबली.

तपासण्या झाल्या. पार्किन्सनच निघाला, किमान चार-पाच वर्षांपासूनचा. गोळ्या सुरू झाल्या. पाय थोडे मोकळे झाले, हात शांत झाला. चेहरा जरासा सैलावला, पण पहिल्यासारखा होईल असं समजू नका, असं डॉ. रचनांनी आधीच सांगितलं होतं.

क्षितिजाने फोटो उतरवला, इंटरनेटवरूनही काढला. सगळं सविस्तर लिहून टाकलं, आपली चूक कुठे झाली ते, न कापलेल्या फोटोसकट. 'मालक' जितक्यांनी पाहिला होता त्यांचा दहावा हिस्साही ते वाचायला आला नाही. फेबियनला तिने नवा व्हिडिओ करायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, आजाराचे व्हिडिओ कोण बघतो?" चर्चच्या फादरांनी मिस्सानंतर वेदीवरून दोन शब्द सांगितले. लोकांनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर कुणीतरी म्हणालं, आजार असेल, पण पाण्यात उडी मारायला काय झालं होतं? डेल्फिन तर क्षितिजाच्या तोंडावर म्हणाली, "तेव्हा तूच बोललीस ना, भीती वाटली म्हणून? आता तूच म्हणतेस नाय वाटली. आम्ही कुठलं धरायचं?"



लविनाने वडिलांना एव्हरशाईनला नेलं. वाडी कसायला दुसऱ्याला दिली. निघायच्या आधी प्लासिडने क्षितिजाला बोलावून घेतलं. तिने माफी मागायची म्हणून मनाशी वाक्यं जुळवली होती. त्याने हाताने थांबवलं.

"त्या दिवसाचे फोटो हायत ना? सालोमीचे?"

"आहेत, काका. सगळे आहेत."

"हललेले पन?"

"ते पण."

तिने सगळे छापून आणले. ओटीवर दोघं बसली आणि प्लासिड ते गठ्ठ्यातून एकेक उचलत गेला. सालोमी बोलतेय, सालोमी हातवारे करतेय, सालोमी पदराने डोळे पुसतेय. एका फोटोवर तो थांबला. त्यात सालोमी त्याच्या कानाशी वाकली होती. क्षितिजाला आठवेना, तेव्हा ती बहुतेक उजेड बघत होती आणि बटण असंच दाबलं गेलं होतं.

"काय म्हणाली माहीत हाय?" प्लासिड म्हणाला. क्षितिजाला पुढे वाकावं लागलं. "म्हणाली, पोरगी तुला घाबरली. आता तरी कुनीतरी घाबरलं तुला."

त्याच्या खांद्यांना हिसके बसले. क्षितिजाला वाटलं तो रडतोय. मग तिला कळलं, तो हसतोय. फोटोतला प्लासिड सालोमीच्या तोंडाजवळ कान नेऊन समोर रोखून बघत होता, तितकाच थंड, तितकाच ताठ. त्याने त्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं पन मी हसतोय," तो म्हणाला. "लय हसलो तेव्हा."

क्षितिजाने फोटोकडे पुन्हा पुन्हा बघितलं. तिला काहीही दिसलं नाही.

त्यानंतर ती अधूनमधून एव्हरशाईनला जात राहिली. प्लासिडला गॅलरीत बसवलेलं असायचं. तिथे खालून येणारे-जाणारे त्याला ओळखत नसत, गुजराती शेजारीण "कैसे हो अंकल" म्हणून हात करायची. तोही हात वर करायचा. स्टीवनने व्हिडिओ कॉलवर माफी मागितली, रडला, येतो म्हणाला. आला नाही अजून. कामाचं कारण होतं, आणि बहुधा लाजेचंही. क्षितिजाने या काळात एकाही चेहऱ्याचा फोटो काढला नाही. स्टुडिओ तिने शिकवणीच्या वर्गाला देऊन टाकला, स्वतः मासिकांसाठी भांडी, दागिने, खाद्यपदार्थ यांचे फोटो काढू लागली.

सालोमीच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या मिस्साला लविनाने वडिलांना सांडोरला आणलं. क्षितिजाही गेली. चर्चमध्ये गर्दी होती, सालोमी सगळ्यांना हवी होती. प्लासिड, लविना, तिचा नवरा आणि मुलं एका बाकावर बसली. बाकाच्या टोकाला जागा होती, ती रिकामीच राहिली. क्षितिजा मागच्या भिंतीशी उभी होती. थोड्या वेळाने ती पुढे जाऊन त्या टोकाला बसली. उठायचं कधी, गुडघे टेकायचे कधी, तिला माहीत नव्हतं, ती लविनाकडे बघून करत राहिली.

मिस्सा संपल्यावर अंगणात लोक चार-चार, पाच-पाच जण बोलत उभे होते. डेल्फिन एकटीच पुढे आली. प्लासिडपासून दोन पावलांवर थांबली.

"बरा हायेस का?" तिने विचारलं.

प्लासिडने काहीतरी सांगितलं. डेल्फिनला ऐकू गेलं नाही. तिने लविनाकडे बघितलं.

"ते म्हणतात," लविना म्हणाली, "तू तेव्हा धावलीस आणि मम्मीला बाहेर काढलंस. नाहीतर ती किती वेळ पाण्यातच राहिली असती."

डेल्फिन उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून ती फाटकाकडे चालू लागली, आणि बाकीचे लोक तिला जायला वाट देत बाजूला झाले. दुसरं कुणी पुढे आलं नाही.

लविनाच्या नवऱ्याने प्लासिडला गाडीत बसवलं. लविना क्षितिजापाशी आली.

"एक सांगू? राग मानू नकोस."

"सांग."

"तू येतेस, पप्पांना बरं वाटतं. ते तुला कधीच काही म्हणणार नाहीत. पण तू दारात उभी राहिलीस ना, की मला तो फोटो दिसतो. आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता, ते दिसतं. मला नाही सहन होत. यापुढे नको येऊस."

"बरं," क्षितिजा म्हणाली.

गाडी निघाली. मागच्या काचेतून प्लासिड तिच्याकडे बघत होता. तो कोणत्या भावनेने बघत होता, ते तिला कळलं नाही. गाडी वळणाआड गेल्यावर ती रिक्षा शोधायला रस्त्यावर आली. रविवार होता, रिक्षा लवकर मिळेना. ती चालत निघाली.